प्रिन्स थिओडोरचा कोट

इब्रा,
२ ऑक्टोबर १९९६

बेटा झरीन,

दुवा. हे पत्र आईला लगेच वाचून दाखवू नकोस. ती म्हणेल, माझ्या भावाला वेड लागलं. आधी तू वाच आणि खरंच लागलं आहे का ते ठरव.

मागच्या आठवड्यात दुकानात एक जर्मन आला. त्याचं नाव एकार्ट. इथल्या तबेल्यांवर तो घोड्यांचा डॉक्टर आहे. साठी उलटलेला, आणि उंच इतका की आमच्या दारातून वाकून आत येतो. उन्हाळा सुरू होण्याआधी नोकरी संपवून तो मायदेशी जाणार. जाण्याआधी त्याला एकदा ईदच्या दौडीत घोडा पळवायचा आहे.

ही दौड तुला माहीत नसेल. दोन घोडे शेजारी शेजारी भरधाव सुटतात. मैदानाच्या मध्यावर दोन्ही स्वार खोगिरावर उभे राहतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात आणि तसेच पुढे जातात. पहिला कोण आला हे कुणी विचारत नाही. दोघं बरोबर पोचायला हवेत, एवढंच.

दौडीतले सगळ्यात बुजुर्ग शेख नासर. एकार्टने त्यांची परवानगी मागितली. ते म्हणाले, "चढ. पण पँट-शर्टात नको. आम्ही बापजाद्यांच्या कपड्यात येतो. तू तुझ्या बापजाद्यांच्या ये."

आता याचे बापजादे बघ. त्याच्या आजीचे वडील जर्मनीतल्या कुठल्याशा संस्थानाचे प्रिन्स होते आणि घोडदळाचे जनरल. नाव थिओडोर फॉन ब्राखेनाऊ. आजी सांगायची की त्यांनी एकदा हजार घोड्यांनिशी शत्रूवर असा हल्ला चढवला की लढाई तिथेच संपली. घरातलं बाकी सगळं युद्धात जळलं. एक फोटो उरला. तो त्याने माझ्या कापायच्या टेबलावर ठेवला.

आमच्या धंद्याची रीत तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक मासिकातला फोटो आणतं, आम्ही तसं शिवून देतो. मी हो म्हणालो.

बावीस वर्षं मी इथे आखातात दिशदाशा शिवतोय. अरबांचा सरळ झगा, कॉलर नाही, गळ्याशी एक गोंडा. वाईट काम नाही. पण तुझे नाना भायखळ्याला बँडवाल्यांचे कोट शिवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली कोट शिकलो. इथे आल्यावर एकही शिवला नाही. एकार्ट गेल्यावर मी फोटोतल्या खांद्यावर बोट ठेवून बसलो होतो. माझ्या हाताखालचा नुमान इस्त्री करत होता. म्हणाला, "उस्ताद, फोटोला गुदगुल्या होतात का?"

अडचण अशी. फोटोत कोटाची पुढची बाजू आहे. पाठ नाही. तू जर्मन शिकतेस. तिथल्या ग्रंथालयात या प्रिन्सबद्दल, त्याच्या कोटाच्या पाठीबद्दल काही मिळतं का बघ. ईद फेब्रुवारीत आहे. सगळा इब्रा मैदानावर असतो. कोट बिघडला तर मला तोंड लपवायला दुकानसुद्धा पुरणार नाही.

तुझा,
हुसैनमियाँ मामू


माझगाव, मुंबई
१९ ऑक्टोबर १९९६

मामू,

सलाम. वेड लागलेलं आहे.

आईला वाचून दाखवलं, राहवलं नाही. ती म्हणाली, "कोट शिवायची हौस त्याच्या हातातून जायची नाय. आणि तू बघ. जर्मन शिकून काय जर्मनीत मासे विकणार, म्हणून मी डोकं धरून बसले होते. शेवटी शिंप्याच्याच कामाला आलीस." तिला आनंद झाला आहे. आनंद झाला की ती असंच बोलते.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'फॉन'खाली शोधून मी सोडून देणार होते. मग ब्राखेनाऊच्या घोडदळाचा एक इतिहास सापडला. कुणा पाद्र्याच्या संग्रहातून आलेला. शंभर वर्षांत कुणी उघडलेला नाही, कारण पानं अजून कडेला जोडलेलीच होती. ग्रंथपालांनी मला लाकडी पट्टी दिली. मी कापत जाते आणि वाचत जाते. अक्षरं काटेरी आहेत, तासाला तीन पानं होतात. पुस्तक घरी नेऊ देत नाहीत.

पाठ सापडली. कमरेवर दोन बटणं. त्यांच्या खाली घेराच्या दोन पट्ट्या, प्रत्येकीवर आणखी बटणं. मधे फट, म्हणजे घोड्यावर बसता येतं. सोबत चित्र काढलं आहे. माझं चित्र वाईट आहे पण बटणं बरोबर आहेत.

आता तुमचा प्रिन्स. ब्राखेनाऊ हे संस्थान एवढं की सकाळी घोड्यावर निघालं तर जेवणाच्या आधी परमुलुखात. थिओडोर तिसरा मुलगा. थोरल्याला राज्य मिळालं, मधल्याला चर्च, याला घोडा. सोळाव्या वर्षी तो घोडदळात गेला. पहिल्याच संचलनात घोडा उधळला आणि याला घेऊन बिशपच्या बागेत शिरला. घोड्याने तिथला सगळा कोबी खाल्ला. तेव्हापासून पलटणीत त्याचं नाव कोबीचा राजपुत्र. दुसरा कुणी असता तर बदली मागून घेतली असती. याने दरवर्षी त्या तारखेला अख्ख्या पलटणीला कोबीचं जेवण घातलं. पुढे जनरल झाल्यावरही घातलं. पलटणीचा साधा कोटही त्याने शेवटपर्यंत सोडला नाही, असं लेखक म्हणतो.

मी त्याच्या तिशीपर्यंत आले आहे. हल्ला अजून आलेला नाही.

तुमची,
झरीन


इब्रा,
५ नोव्हेंबर १९९६

बेटा झरीन,

दुवा. तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. तशी चूक पुन्हा होऊ नये, असं मला वाटतं, पण आता इलाज नाही. नुमानने कोबीची गोष्ट शेजारच्या किराणावाल्या उस्मानला सांगितली, उस्मानने किराण्याबरोबर ती अख्ख्या सूकला, म्हणजे इथल्या बाजाराला, वाटली. परवा शेख नासरांचे दोन घोडेवाले आले, चहा मागितला आणि म्हणाले, "यल्ला, खय्यात, पुढचं." यल्ला म्हणजे चल, खय्यात म्हणजे शिंपी. मला इथे सगळे तेच म्हणतात. मी म्हटलं, पुढचं मुंबईहून यायचं आहे. ते म्हणाले, विमान रोज येतं.

सगळ्यांना हल्ला हवा आहे. उस्मान तर पैज लावून बसला आहे की प्रिन्सचा घोडा पांढरा असणार.

एकार्टही येतो. कोबीचं त्याला माहीत नव्हतं. बराच वेळ हसला. मग म्हणाला, आजीने हे कधी सांगितलं नाही, तिने फक्त हल्ला सांगितला.

मी मत्रहच्या मोठ्या बाजारात जाऊन कापड आणलं. लोकरी, हलकं, चांगल्या विणीचं. दोन कोटांचं आणलं. तुझे नाना म्हणायचे, नव्या जातीचा पहिला कोट कापडाचा, दुसरा गिऱ्हाइकाचा. पहिल्यात कापड काय म्हणतं ते ऐकायचं. एकार्टने विचारलं, दुप्पट का? मी म्हटलं, आमच्याकडे अशी रीत आहे. तो म्हणाला, घोड्यांच्या औषधाचंही तसंच असतं.

काल कागदावर खांदा आखला. हात विसरला नव्हता. बाही बसवायची गोलाई मी पट्टी न लावता काढली आणि पुन्हा मोजली तर बरोबर आली. मी नुमानला बोलावून दाखवली. तो म्हणाला, "अर्धचंद्र आहे, उस्ताद. ईदला अजून वेळ आहे."

हल्ला लवकर पाठव.

हुसैनमियाँ मामू


माझगाव,
२४ नोव्हेंबर १९९६

मामू,

सलाम. हे पत्र दुकानात वाचू नका.

हल्ला नाही. मी पुस्तक शेवटपर्यंत कापलं. दोनदा वाचलं. माझ्या सरांनाही दाखवलं, मला जर्मन येत नसेल या आशेने. ते म्हणाले, तुला येतं.

अठराशे सहासष्ट साली युद्ध झालं. त्याच्या पलटणीला एक पूल राखायला सांगितला. शत्रू दुसऱ्या पुलावरून आला. सत्तर साली फ्रान्सशी युद्ध झालं. निघायच्या आठवड्यात याला कावीळ झाली. बरा होऊन सीमेवर पोचला तेव्हा लोक घरी परतत होते. त्यानंतर युद्धच झालं नाही. वय वाढलं, रक्त राजघराण्याचं होतं, तो घोडदळाचा जनरल झाला. मामू, या माणसाने आयुष्यात एकदाही कुणावर घोडा घातला नाही. बिशपचा कोबी सोडून.

मला फार वाईट वाटलं. तुमचे घोडेवाले चहा पीत थांबले असतील.

त्याने केलं ते एवढंच. ड्यूक झालेल्या थोरल्या भावाच्या वाढदिवसाला तो आपल्या स्वारांचा खेळ बसवायचा. बँड वाजायचा आणि घोडे जोडीजोडीने दौडायचे. एका हातात लगाम, दुसरा हात जोडीदाराच्या हातात, तोही खांद्याच्या वर धरलेला. लेखकाने यावर अकरा पानं लिहिली आहेत आणि दोन्ही युद्धांवर मिळून दीड. पहिल्या वर्षी सगळ्यांनी एकदम हात वर केले तेव्हा अख्ख्या पलटणीच्या बगला उसवल्या. निळ्याशार दिवसात सगळीकडे सदरे दिसू लागले. डचेस इतकी हसली की तिला खुर्चीवरून उठवावं लागलं. लेखक पुढे एकच वाक्य लिहितो: दुसऱ्या वर्षी शिंपी बदलण्यात आला.

एकार्टना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. त्यांची आजी काही खोटं बोलली नसेल. तिला बहुधा कुणीतरी तसंच सांगितलं असेल.

आई म्हणते, "माणसाने माणूस मारला नाय, यात रडायचं काय?" पण तिला घोडदळातलं काही कळत नाही.

झरीन


इब्रा,
१० डिसेंबर १९९६

बेटा झरीन,

दुवा. सांगितलं नाही. दुकानात म्हणालो, टपाल आलं नाही. उस्मान म्हणाला, "काल पोस्टमन तुमच्याकडेच तर आला होता." मी म्हटलं, लाइटचं बिल. आता तो रोज विचारतो, लाइट आली का?

एकार्ट तर रोज संध्याकाळी शेख नासरांच्या तबेल्यात सराव करतो. एकदा पडला. उठून कपडे झटकले आणि म्हणाला, थिओडोरचं रक्त आहे. घोडेवाल्यांनी माना डोलावल्या. अशा माणसाला मी पूल आणि कावीळ कशी सांगू?

पण तू लढाईचं लिहिलंस आणि मी बगलेचं वाचलं. शिंपी बदलण्यात आला. हे वाक्य मी तीनदा वाचलं. फौजी कोटाची बाही घट्ट असते, खाली सोडलेल्या हातासाठी बेतलेली. एकार्टला तर हात वर करून दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचा आहे, तोही पळत्या घोड्यावर उभं राहून. फोटोबरहुकूम शिवला असता तर ईदच्या दिवशी इब्राने सदरे पाहिले असते.

मग काय केलं ते ऐक. दिशदाशाच्या बगलेत आम्ही एक चौकोनी तुकडा घालतो. कळी म्हणतो त्याला. हात खाली असला की ती दुमडून आत जाते, वर केला की उघडते. मी कोटाच्या बगलेत कळी घातली. बाहेरून काही कळत नाही. तुझे नाना असते तर ओरडले असते आणि मग कळी उलटीसुलटी करून बघत बसले असते.

पहिला कोट उभा राहिला आहे. तू बघायला हवा होतास. दुधासारखा पांढरा, कॉलर आणि मनगटाच्या पट्ट्या काळ्या मखमलीच्या. अगदी फोटोतल्यासारखा. नुमानसुद्धा इस्त्री ठेवून उठला.

आता दुसरा कापायला घेतो.

हुसैनमियाँ मामू


माझगाव,
२१ डिसेंबर १९९६

मामू,

कापू नका.

पांढरा का? कोट निळा होता. फिकट निळा, आणि कॉलर लिंबासारखी पिवळी. पुस्तकात पहिल्याच प्रकरणात आहे. मी ते ऑक्टोबरात वाचलं. तुम्ही पाठ विचारलीत म्हणून मी पाठ कळवली. रंग तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चालले. फोटो तुमच्याकडे आहे ना, म्हणून.

मग माझ्या लक्षात आलं की फोटोला रंग नसतो. पण तरी निळा पांढरा कसा दिसेल? आमच्या गल्लीत चंद्रहास कामतांचा फोटो स्टुडिओ आहे, त्यांच्या आजोबांपासूनचा. त्यांना विचारलं. ते म्हणाले, त्या काळच्या काचेला निळा दिसायचाच नाही, तो पांढरा उतरायचा. आणि पिवळा काळा उतरायचा. त्यांच्या आजोबांनी हळदीतल्या नवरीचा फोटो काढला होता. पोरीचं तोंड कोळशासारखं आलं आणि वरपक्ष भांडायला आला.

मामू, माझी चूक आहे. तुमचीही आहे. निळं कापड इथून पाठवू का? उस्मानमामांच्या घरचं कुणी इथून तिकडे जाणारं आहे का?

झरीन


इब्रा,
१५ जानेवारी १९९७

बेटा झरीन,

दुवा. रमजान मुबारक. तुला इतके दिवस लिहिलं नाही. आधी रागात होतो, नंतर कामात.

राग कुणावर हे मला नीट ठरवता आलं नाही. तुझ्यावर करून पाहिला, टिकला नाही. मग फोटोवर केला. बावीस वर्षं लोकांच्या फोटोंवर विश्वास ठेवून शिवतोय. पहिला कोट खुंटीवर होता. नुमानने शेवटी तोंड उघडलं, "उस्ताद, दूधवाला जनरल झाला असता तर शोभला असता."

मी एकार्टला रंगाचं सांगितलं. शेख नासर सोबत होते. निळं लोकरी कापड इब्रात नाही, मत्रहलाही हवं तसं नाही. मुंबईहून यायला वेळ लागला असता. शेख नासर म्हणाले, "पांढरं आहे ना अजून? मग निळं कशाला शोधता? निळं करा." त्यांच्या आईच्या वेळेपर्यंत इथे बायका निळीत बुडवलेलं कापड नेसायच्या. बहला गावात अजून एक म्हातारा निळीचे रांजण राखून आहे.

दुसऱ्या दिवशी पिकअपमधून निघालो. पुढे आम्ही तिघं, मागे न कापलेलं कापड. म्हाताऱ्याने कापड हातात घेऊन चावून पाहिलं. म्हणाला, एकदाच बुडवायचं, दोनदा बुडवलं तर रात्र होईल. रांजणाला असा वास होता की रोजा नसता तरी मी जेवलो नसतो. कापड बाहेर काढलं आणि बघतो तर काय. हिरवं! शेवाळासारखं हिरवं. मी म्हटलं, खलास. म्हातारा म्हणाला, "थांब, त्याला श्वास घेऊ दे." आणि झरीन, आमच्या डोळ्यांसमोर, वारा लागेल तसं ते निळं होत गेलं. कडेकडून आत. एकार्ट टाळ्या वाजवू लागला. एवढा उंच माणूस, पोरासारखा.

परतीच्या रस्त्यात शेख नासरांनी विचारलं, "मग तो हल्ला कुठल्या लढाईत?" गाडीत मी मधे बसलो होतो. एकार्टने माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "हुसैन, तुमची लाइटची बिलं फार येतात असं उस्मान सांगतो. काय लिहिलं आहे त्यात?"

मी सगळं सांगितलं. पूल, कावीळ, दीड पान. मग अकरा पानं सांगितली. हातात हात, बगला, डचेस.

एकार्ट माझ्याकडे वळला. मग त्याने विचारलं, "हात खांद्याच्या वर?" मी म्हटलं, हो. "जोडीजोडीने?" मी म्हटलं, हो. त्याने खिडकीची काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून जर्मन भाषेत काहीतरी मोठ्याने ओरडला. काय ते त्याने सांगितलं नाही.

शेख नासर गाडी चालवत होते. म्हणाले, "जनरल होता. हजार घोडे होते. आणि एकाही बाईला त्याने विधवा केलं नाही." थोड्या वेळाने एकार्टला म्हणाले, "तुझ्या जनरलला घेऊन ये. माझ्या शेजारून दौडू दे."

मला वाटलं ते असंच म्हणाले. तसं नव्हतं. गेली सहा वर्षं ते स्वतः दौडीत उतरलेले नाहीत. आता उतरणार आहेत. त्यांचं वय एकार्टपेक्षा जास्त आहे. माझी काळजी दुप्पट झाली.

दुकानातही सांगून टाकलं. उस्मान पैज हरला असं आम्ही ठरवलं. घोडेवाल्यांना तर हीच गोष्ट जास्त आवडली. ते म्हणतात, आमचीच रीत जर्मनांनी चोरली.

पिवळ्या कॉलरचं कापड राहिलं आहे. बुधवारच्या बायकांच्या सूकमध्ये मिळेल, पण तिथे पुरुष गेला तर त्याची धडगत नसते. शेख नासरांच्या सुनेला नमुना म्हणून लिंबू दिलं आहे.

दुसरा कोट काल कापला. हात कापला नाही. म्हणजे थरथरला नाही.

हुसैनमियाँ मामू


माझगाव,
२८ जानेवारी १९९७

मामू,

सलाम. एकार्टचं पत्र आलं. मला! पाकिटावर 'सन्माननीय कुमारी' असं जर्मनमध्ये लिहिलं आहे. आईने ते कपाटाच्या काचेला आतून लावलं आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. अकरा पानं त्यांना पूर्ण हवी आहेत. हाताने उतरवून पाठवते आहे.

ते लिहितात, आजीने मला मोठा माणूस दिला होता, तुम्ही मला ओळखीचा दिलात.

आई इफ्तारनंतर रोज तुमच्या कळीसाठी दुवा मागते. जगात बगलेसाठी दुवा मागणारी ती एकटीच असेल. मला भीती वाटते ती टाक्यांची नाही. दोघांची वयं मिळून किती होतात हो?

ईद झाली की लगेच लिहा. लाइटचं बिल म्हणू नका.

झरीन


इब्रा,
१३ फेब्रुवारी १९९७

बेटा झरीन,

ईद मुबारक, तुला आणि तुझ्या आईला, माझ्या आपाला.

दौड ईदच्या दुसऱ्या दिवशी झाली. सकाळी एकार्ट दुकानात आला. मी स्वतः बटणं लावली. कॉलरचं पिवळं असं होतं की नुमानने डोळ्यांवर हात धरला. शिरस्त्राण फोटोत आहे, पण आणायचं कुठून? शेख नासरांनी आपल्या हाताने त्याच्या डोक्याला मुसर बांधली, ती इथली फुलांच्या नक्षीची पगडी असते. निळा कोट, पिवळी कॉलर, वर मुसर. आरशात बघून एकार्ट म्हणाला, असा प्रिन्स ब्राखेनाऊमध्ये कधी झाला नाही. उस्मान म्हणाला, "कोबीवाल्याकडे उधारी मागायला गेलात तर नक्की मिळेल."

मैदानावर अख्खा इब्रा होता. बायका भिंतीपलीकडच्या गच्च्यांवर. तरुण पोरांच्या जोड्या आधी गेल्या. प्रत्येक जोडी गेली की धूळ बसेपर्यंत लोक थांबत. मग शेवटच्या टोकाला शेख नासर आणि एकार्ट दिसले. त्यांना पाहून आधी कुणी ओरडलंच नाही. लोकांना वाटलं, म्हातारे घोडे चालवत आणतील आणि सलाम करून जातील.

घोडे सुटले.

लोक स्वारांचे चेहरे बघतात. मी बगल बघत होतो. उजवी. घोडे जवळ आले, टापा छातीत वाजायला लागल्या. शेख नासर उठले, जणू पलंगावरून उठावं. मग एकार्ट. अर्धा उठला, गुडघा डगमगला, बसतो की काय असं झालं. मग उभा राहिला. आणि त्याने हात उचलला.

कळी उघडली, झरीन. मला दिसली. निळ्यात निळी, हातभर अंतरावरून दिसावी तशी. हात वर गेला, पुढे गेला, शेख नासरांच्या खांद्यावर पडला. त्यांचा त्याच्या खांद्यावर. एकही टाका बोलला नाही.

ते माझ्या समोरून गेले आणि मी मागे धावलो.

का ते विचारू नकोस. बावीस वर्षं लोक माझे कपडे घालून दुकानातून बाहेर पडतात. मी कधी दारापर्यंतही गेलो नाही. त्या दिवशी मी दोरी ओलांडली आणि मैदानात धावत सुटलो. मागून लोक हसत होते. कुणीतरी ओरडलं, "खय्यात, घोडा विसरलास!" नुमान ओरडत होता, "उस्ताद, चप्पल!" एका पायातली पडली होती, पुढे दुसरीही गेली. धुळीत मला काही दिसत नव्हतं. पुढे दोन डोकी होती, शेजारी शेजारी, आणि ती वेगळी होत नव्हती. टोकाला पोचेपर्यंत नाही झाली.

मी पोचलो तेव्हा दोघं उतरले होते आणि धापा टाकत एकमेकांना धरून उभे होते. कोण कुणाला धरून होतं ते सांगता येणार नाही. मी पोचताच एकार्टने हात वर केला, मला बगल दाखवली. मी बोटांनी चाचपली. लोक जमले होते. सगळ्यांनी बघितली.

मग शेख नासर वळले आणि मला त्यांचा खांदा दिसला. पांढऱ्या दिशदाशावर एक लांब निळा डाग, अख्ख्या हाताचा, बोटांपर्यंत. निळीचा रंग घामाने उतरला होता. मी म्हटलं, अर्बाब, मालक, माफ करा. उद्या दुसरा शिवून देतो. त्यांनी मान वळवून डाग बघायचा प्रयत्न केला, दिसेना. सुनेचा छोटा आरसा मागवला. बघितला. म्हणाले, "धुवायचा नाही, असं घरी सांगा."

एकार्ट पुढच्या महिन्यात जातोय. कोट घालूनच विमानात बसणार म्हणतो. पहिला, पांढरा कोट नुमानने मागितला. मी दिला. तो आता त्यातच इस्त्री करतो आणि त्याला कुणी हाक मारली तर जनरल म्हटल्याशिवाय ओ देत नाही.

आपाला सांग, हुसैन धावला. तिला खरं वाटणार नाही. वाटलंच तर सांग, अनवाणी.

तुझा,
मामू